भांडण नको म्हणून नेलेली लिंबे

गाव कोणतेही घ्या, त्याच्या एका आळीच्या शेवटच्या घरात एक म्हातारे जोडपे राहत होते. परसात लिंबोणीचे एक झाड होते. म्हातारा नुकताच दुखण्यातून उठला होता. मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याशी चार घास भात जाई, तेवढेच त्याचे जेवण. बरणी तळाला आली होती, म्हणून म्हातारी झाडावरची लिंबे पिवळी होण्याची वाट पाहत होती. पिकले लिंबू ती देठासकट कात्रीने कापी. ओढून काढले तर साल फाटते आणि लोणच्याला बुरशी धरते.

शेजारी एक सज्जन राहत. त्यांनी नवी गाडी घेतली. चाकांखाली ठेवायला लिंबे हवीत म्हणून त्यांनी कुंपणावरून हात घालून हिरवीच ओढून घेतली.

"अहो भाऊजी, विचारायचंत तरी!"

"वहिनी, लिंबू हातातून हातात दिलं की भांडण होतं. तुमच्याशी भांडण? छे! म्हणून माझं मीच काढलं."

शेजारधर्म म्हणतात तो हाच असावा, असे म्हातारीला वाटले.

हा विचार आळीला फारच पटला. म्हातारीशी भांडण व्हावे, असे कुणालाच वाटेना. दुकानदार शनिवारी मिरच्यांबरोबर ओवायला लिंबे नेऊ लागला. एका बाईंनी पोह्यांवर पिळायला नेली. एकाने तर प्रेमाच्या भरात आकडीने अख्खी फांदीच खाली आणली, फुलांसकट.

झाड रिकामे झाले, मागोमाग बरणीही. म्हाताऱ्याने ताट सरकवले. "नको गं, घास नुसता तोंडात फिरतो."

म्हातारी शेजाऱ्यांकडे गेली. "भाऊजी, एखादं लिंबू द्या. ह्यांनी कालपासून काही खाल्लं नाही."

सज्जनांच्या मागे टेबलावर टोपली होती. टोपलीत म्हातारीच्याच झाडाची लिंबे होती.

"दिलं असतं हो वहिनी, पण हातात देणं बरं नाही. उगाच आपल्यात वितुष्ट नको."

"मागायला आले, तीच चूक झाली," म्हातारी म्हणाली. "आता भांडायला आलेय."

तिने टोपली उचलली आणि दारात उभी राहून अशी भांडली, की आळीतल्या खिडक्या उघडल्या आणि लगेच बंद झाल्या. दुकानदाराचे नाव निघाले, पोहेवाल्या बाईंचे निघाले, आकडीवाल्याचे तर आकडीसकट निघाले.

पुढच्या बहराला लिंबे झाडावरच पिवळी झाली. म्हाताऱ्याच्या ताटातला भात संपू लागला. आता ज्याला लिंबू हवे तो फाटकाशी येऊन विचारतो. म्हातारी कात्रीने कापून त्याच्या हातात ठेवते. त्यावरून अजून तरी कुणाचे डोके फुटलेले नाही.

आळीत कुणी नवे राहायला आले, की सज्जन मात्र त्याला बाजूला घेऊन सांगतात, "शेवटच्या घरच्या बाईशी जरा जपून हो. फार भांडखोर. विचारल्याशिवाय एक लिंबू नेऊ देत नाही."

तात्पर्य एवढेच: न विचारता नेणाऱ्याला शांतता फार प्रिय असते, कारण ती दुसऱ्याने राखायची असते.