सटवा कचाऱ्याचा हिरव्या काठाचा पेला

ऐका, पन मधी हसू नका. फार वर्सांमागं, नदीला पूल न्हवता अन् कोंबडीसुदिक होडीतनं पल्याड जायाची, तवा निंबारीत सटवा कचारी ऱ्हायाचा. फुटकी काच दिसली की उचलायचा. कंदिलाच्या चिमण्या, बाटल्या, बांगड्या, समदं भट्टीत वितळवायचा. लांब नळीच्या टोकाला त्यो रस घ्यायचा अन् फुंकून फुंकून पेला करायचा. गाल असं फुगायचं, की माकड लाजंल.

मानूस लई चेष्टेखोर. गावातल्या कुत्र्यालाबी नावानं हाक मारायचा. फकस्त बायकूला न्हाई. तवा बायकूचं नाव घेतलं की गाव खिदळायचं.

बायकू गोजरा. एक दिस ती म्हनली, "कुत्र्याला मोत्या म्हनता. मला मेलीला एकडाव तरी नावानं हाक मारा की."

"मारतो की. म्हातारी झालीस म्हंजी मारतो."

सटवा हसला. गोजरा हसली न्हाई. गाठोडं उचलताना तिची बांगडी पिचली. तुकडं तितंच टाकून ती घाटावर गेली अन् होडीत बसली.

सटवा मागं पळाला. होडी सुटली व्हती. त्यानं आरोळी ठोकली, "अगं ए!"

होडीत सात बाया. साहाजनी वळल्या. गोजरा पाठमोरीच.

होडीवाला वराडला, "कुनाला रं हाक? हितं समद्याच अगं ए हायती! नाव घे की तिचं!"

घाटावर अर्धं गाव. सटव्याचं कान लाल झालं, जीभ टाळूला चिकटली. तवर होडी पल्याड लागली.

गोजरा भावाकडं गेली, अन् भाऊ तिला घिऊन खालच्या मुलखात जगाया गेला. सटवा धा गावं हिंडला. पत्त्या न्हाई. मग घरी यिऊन त्यानं बांगडीचं हिरवं तुकडं येचलं, वितळवून पेल्याच्या काठाला लावलं. नळीत फुंकर घालताना हळूच म्हनायचा, "गोजरा." दर पेल्यात एक बुडबुडा ऱ्हायाचा, अन् ती हाक त्यात अडकायची, असं म्हनत्यात. बांगडी ती केवढी! पन हिरवा काठ सरता सरंना, असंबी म्हनत्यात. घाटावरच्या हर वाटसराला सटवा पेला द्यायचा. "लांब न्हे," म्हनायचा, "लई लांब."

तेरा वर्सं गेली. खालच्या मुलखात, एका पानपोईवर गोजरानं पेला तोंडाला लावला. पानी सरलं, तशी तळातनं हाक आली. तिला ठसका लागला. पांढऱ्या केसावरनं हात फिरवून ती म्हनली, "आत्ता व्हय!" अन् पेला पदरात घिऊन तशीच निघाली.

आली तवा भट्टी ऊन व्हती. सटवा नळीला तोंड लावून बसलेला. टोकाला अर्धा पेला. फुंकर मातूर सपली व्हती.

गोजरानं भर गावात हाक मारली, "सटवा!"

कुनी हसलं न्हाई. नळीच्या टोकाला त्यो अर्धा पेला आपसूक फुगला, गोल झाला, असं म्हनत्यात. सटवा काय उठला न्हाई.

आता पूल हाय, एस्टी येती. पन निंबारीतनं कुनी लांब निघालं, की मागं ऱ्हानाऱ्यानं हिरव्या काठाच्या पेल्यातनं पानी द्यायाचं अन् त्याच्या नावानं मोठ्यांदी हाक मारायची. बायकू असंल तरीबी. नव्या नवऱ्यांचं कान अजून लाल व्हत्यात. व्हऊ द्या. हाक ऐकल्याबिगर कंडक्टर घंटी मारत न्हाई.