दोन नटांवरचा पिवळा ठिपका

ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मिस्त्री पंचक्रोशीत पुष्कळ होते. पण ज्याचा हात लागल्यावर मालकाने पुन्हा खाली वाकून पाहायला नको, असा मिस्त्री एकच होता, नदीकाठच्या गावातला निवृत्ती पांचाळ.

निवृत्तीची एक पद्धत होती. नट पूर्ण आवळून झाला की तो त्यावर काडीने पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला म्हणजे नट पक्का. लोक ठिपके मोजत, ट्रॅक्टर चालू करत आणि निघून जात. तलाठ्याच्या शिक्क्यावर नसेल इतका गावाचा त्या ठिपक्यावर भरवसा होता. हे निवृत्तीला चांगले ठाऊक होते. खरे तर जरा जास्तच चांगले ठाऊक होते.

त्याच गावात भानुदास जगदाळे याचा म्हशींचा गोठा होता. शेण उचलायला आणि चारा भरायला त्याने ट्रॅक्टरच्या पुढे लोडर बसवून घेतला होता. दोन दणकट लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला मोठी बकेट. खंडेनवमीच्या सकाळी बकेट वर उचलताना उजवीकडून खडखड आवाज येऊ लागला. भानुदासने ट्रॅक्टर सरळ निवृत्तीच्या दारात आणला.

लोडर ट्रॅक्टरला चौदा बोल्टांनी धरलेला होता आणि सगळेच सैल झाले होते. बारा बोल्ट समोर होते. ते निवृत्तीने तासाभरात आवळले आणि प्रत्येकाच्या नटावर ठिपका दिला. राहिले दोन. ते आत होते, इंजिन आणि लोखंडी पट्टीच्या मधल्या बेचक्यात. पाना तिथे जाई, पण फिरायला जागा नव्हती. त्यातून एका बाजूने बोल्ट फिरवावा तर मागचा नटही त्याच्याबरोबर फिरे. नीट आवळायचे तर पुढचे चाक काढायचे, बॅटरीची पेटी काढायची आणि मगच हात घालायचा. दोन तासांचे काम.

पण दिवस खंडेनवमीचा. गावात रिवाज असा, की दुपारच्या आत सगळी हत्यारे धुऊन पाटावर मांडायची, त्यांची पूजा करायची आणि एकदा फूल वाहिले की दसऱ्याच्या दुपारी उत्तरपूजा होईपर्यंत कोणत्याही हत्याराला हात लावायचा नाही. निवृत्तीच्या बायकोने, सगुणाने, आतून दोनदा हाक मारली होती. पाट मांडून झाला होता, पाने तेवढे यायचे होते.

निवृत्ती मनात म्हणाला, चौदातले बारा तर झाले. सणाला लोडर कोण चालवतो? परवा सकाळी चाक काढून हे दोन आवळू.

इथवर काही बिघडले नव्हते. भानुदासला एवढेच सांगायचे होते की दोन राहिलेत, परवापर्यंत लोडर चालवू नकोस. भानुदास समोरच उभा होता. पण 'हे माझ्याकडून झालं नाही' हे वाक्य गेल्या वीस वर्षांत निवृत्तीच्या तोंडून कोणत्याही गिऱ्हाइकाने ऐकले नव्हते. ते आज कसे म्हणायचे? त्याने काडी रंगात बुडवली. त्या दोन नटांपर्यंत त्याचा पाना पोचला नव्हता, काडी मात्र सहज पोचली.

भानुदासने हातातली बॅटरी मारून ठिपके मोजले. "चौदा. झालं," तो म्हणाला आणि ट्रॅक्टर घेऊन गेला.

निवृत्तीने पाने धुतले, पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिले. पूजा नेहमीसारखीच झाली. जेवताना सगुणाने विचारले, "भाजी खारट झालीया का?"

"नाही."

"मग तोंड असं का केलंय?"

निवृत्तीने आणखी भाजी वाढून घेतली, म्हणजे उत्तर द्यायला नको.

दसऱ्याच्या सकाळी तो भानुदासच्या गोठ्याकडे निघाला. वाटेत त्याने एक सबब जुळवली. म्हणायचे, लोडरचे तेल जुने झाले आहे, उद्या बदलू, तोवर चालवू नकोस. सबब चांगली होती. कोणाचे नुकसान नाही आणि आपलीही झाकली मूठ. त्याचा त्यालाच थोडा हुरूप आला.

गोठ्याच्या दारात येऊन पाहतो तर ट्रॅक्टर धुऊनपुसून उभा होता. लोडरला झेंडूच्या माळा होत्या. बकेट जमिनीला टेकलेली होती, तीत घोंगडी अंथरली होती, आणि भानुदासची आई, भागीरथीबाई, झेंडूचे भलेमोठे तोरण खांद्यावर घेऊन त्या घोंगडीवर पाय ठेवत होती. सून कौसल्या तिचा दंड धरून उभी होती. भानुदास ट्रॅक्टर चालू करून वर बसला होता.

जगदाळ्यांच्या घरात दसऱ्याचे तोरण घरातल्या सर्वांत मोठ्या माणसानेच बांधायचे, ही जुनी चाल. दरवर्षी म्हातारी शिडीवर चढायची. या वर्षी गोठा नवा, त्याचे दार दोन पुरुष उंच आणि म्हातारीचे गुडघे काही नवे नव्हते. म्हणून भानुदासने ही युक्ती काढली होती. बकेट माणसाला उचलायला नसते हे त्यालाही माहीत होते, पण सणाच्या उत्साहात माणसाला माहीत असलेल्या बऱ्याच गोष्टी आठवत नाहीत.

निवृत्ती पुढे धावला.

"भानुदास, थांब. तेल जुनं झालंय लोडरचं. उद्या बदलू. आज उचलू नको."

"तेल दिवाळीत बदलायचंय, तुम्हीच सांगितलं हुतं," भानुदास म्हणाला. "आन् काल चौदा ठिपके दिलेत की. त्या ठिपक्यांच्या भरवशावर तर आईला बसवतोय, दादा. न्हाईतर बसवली असती का?"

त्याने लोडरच्या दांडीवर हात ठेवला. म्हातारी घोंगडीवर बसून तोरण सावरत होती. आता दुसरी सबब शोधायला वेळ नव्हता, आणि निवृत्तीला ती शोधायचीही नव्हती. वीस वर्षांची अब्रू एका बाजूला आणि ती बसलेली म्हातारी दुसऱ्या बाजूला, असे त्याला लख्ख दिसले. त्याने पुढे होऊन भानुदासचे मनगट धरले.

"दोन नट आवळलेलेच नाहीत. आतले. हात पोचला नाही. नुसता ठिपका दिला."

भानुदासने ट्रॅक्टर बंद केला. कौसल्याने सासूला बकेटमधून बाहेर घेतले आणि गोठ्याच्या ओट्यावर नेऊन बसवले. भानुदास खाली उतरला. त्याचा चेहरा पाहून निवृत्तीला वाटले की आता हा हात उगारणार, आणि उगारला तर आपण आडवा हात लावायचा नाही.

"माझी आई बसली हुती त्यात," भानुदास म्हणाला. एवढेच म्हणाला.

"व्हय. चूक माझी. शिव्या द्यायच्या त्या दे, पण आधी मला ते आवळू दे."

तो तसाच घरी आला. पाने पाटावर होते, प्रत्येकावर फूल होते आणि उत्तरपूजेला अजून अवकाश होता. सगुणा दाराशी रांगोळी काढत होती. निवृत्तीने तिला चार वाक्यांत सगळे सांगितले. आता ही रिवाजाचे काढणार, असे त्याला वाटले. सगुणा उठली. तिने हात धुतले, पाटापुढे बसून नमस्कार केला, लागणाऱ्या पान्यांवरची फुले एकेक करून बाजूला ठेवली आणि पाने त्याच्या हातात दिले.

"जावा लवकर," ती म्हणाली.

गोठ्यावर त्याने बकेट जमिनीवर टेकवलेली आहे हे पाहून ट्रॅक्टरखाली लाकडी ठोकळे लावले, चाक काढले, बॅटरीची पेटी सोडवली. मग आत हात घातला. पहिला नट त्याच्या दोन बोटांनीच फिरला. दुसरा तर निम्मा बाहेर आला होता. वजन उचलताना उजवी बाजू या दोन बोल्टांवरच तोलत होती. त्याने भानुदासला बोलावून ते दाखवले, कारण आता काही लपवायचे नव्हते.

बोल्ट फिरवायला जागा झाली, नटापर्यंत बोटेही पोचली, पण मागच्या नटावर पाना धरायला निवृत्तीचा पंजा जाईना, भानुदासचाही जाईना. कौसल्या हे बघत होती. तिने हिरव्या बांगड्या वर सरकवल्या, पदर खोचला आणि खाली बसली.

"कुठं धरायचं तेवढं सांगा, भावजी."

तिचा हात बेचक्यात गेला. तिने मागून पाना धरला, निवृत्तीने पुढून दात-ओठ खाऊन आवळला. एक झाला. मग दुसरा. काम दोन तासांचे ते दीड तासात झाले. ओट्यावर बसलेली भागीरथीबाई मांडीवरच्या तोरणावर अधूनमधून पाणी शिंपडत होती.

"दुपार झाली की रं," ती म्हणाली. "मी सुकले तरी चालंल, झेंडू सुकायला नको."

चाक चढवण्याआधी निवृत्तीने रंगाच्या बाटलीला हात लावला नाही. त्याने पाना भानुदासच्या हातात दिला. "तू वढून बघ. चौदाच्या चौदा." भानुदासने प्रत्येक नटाला जोर लावून पाहिला. आत कौसल्याने पुन्हा पाना धरला. एकही हलला नाही. दोघांनी पेटी आणि चाक पुन्हा बसवून ठोकळे काढले. मग भानुदासने बकेटमध्ये पेंडीची चार पोती टाकली आणि तीनदा वर नेऊन खाली आणली. खडखड बंद झाली होती.

पोती उतरवली तशी म्हातारी उठून बकेटपाशी आली. भानुदास म्हणाला, "आई, ऱ्हाऊ दे. मी शिडीनं बांधतो."

म्हातारीने त्याच्याकडे लक्षच दिले नाही. तिने निवृत्तीला विचारले, "आणि काय सांगायचं ऱ्हायलंय का?"

"नाही, काकी."

"मग चढ माझ्यासंगं."

निवृत्ती क्षणभरही थांबला नाही. तो चढला, त्याने म्हातारीला हात देऊन वर घेतले आणि तिच्या पाठीशी बकेटची कड घट्ट धरून उभा राहिला. भानुदासने त्याचे ते चढणे पाहिले आणि मगच ट्रॅक्टर चालू केला. बकेट सावकाश वर गेली. वर वारा होता. म्हातारीने तोरणाचे एक टोक बांधले, दुसरे निवृत्तीने धरून दिले. कालपासून छातीवर धरलेले ओझे उतरले होते. त्याला इतके हलके वाटले की डोळ्यांत पाणी आले, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

खाली आल्यावर भानुदास त्याच्यासमोर उभा राहिला.

"पुढच्या येळी ऱ्हायलं तर ऱ्हायलं म्हणा," भानुदास म्हणाला. "मी दोन दिवस शेण पाटीनं काढीन."

तात्पर्य: जिथे आपला हात पोचला नाही, तिथे तो पोचल्याची खूण करू नये. राहिलेले काम वेळेवर सांगितल्याने कोणाची अब्रू जात नाही. न सांगितल्याने मात्र दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो.