डोळे मिटून केलेली चहाडी

एका बाजाराच्या गावात एक मसालेवाला राहत असे. माणूस देवाला भिणारा, आणि गिऱ्हाइकाला त्याहून थोडा जास्त. मिरचीत विटकरीची भुकटी मिसळणारे व्यापारी त्याच बाजारात गब्बर झाले, पण ह्याच्या पुडीत कधी खोट निघाली नाही. एकदा एका बाईला धण्यांत खडे सापडले, तर त्यानं अख्खं पोतं ओतून पुन्हा चाळलं आणि वर तिला ओंजळभर धणे घरी पाठवले.

बोलण्याच्या बाबतीतही आपण असेच चोख, अशी त्याची समजूत होती. पारावर बसून लोकांची उणीदुणी काढणं त्याला मुळीच खपत नसे. तो फक्त प्रार्थना करी.

गावात ख्रिस्ती मंडळी पुष्कळ. दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थनासभा भरे. ज्याला ज्याची काळजी असेल त्यानं ती सांगायची, मग डोळे मिटून कुणीतरी मोठ्यानं प्रार्थना करायची, अशी पद्धत. ती बहुतेक वेळा मसालेवालाच करी, कारण त्याच्याइतकी रंगवून कुणाला जमत नसे. "हे प्रभू, विहिरीजवळच्या त्या भगिनीला धीर दे, तिची सून तिला शिळं वाढते," असं तो म्हणे. नाव कधी घेत नसे. पण आमेनपर्यंत सगळ्यांना घर कळलेलं असे. रविवारी उपासनेला दांडी मारणारेसुद्धा बुधवार चुकवत नसत.

त्या वर्षी गावातल्या सुताराच्या मुलीचं, सुवार्ताचं, लग्न ठरलं. मुलगा शेजारच्या गावचा, हनोख नावाचा. मंडळीचा रिवाज असा, की लग्न ठरलं म्हणजे ओळीनं तीन रविवार पाळकांनी चर्चमध्ये दोघांची नावं वाचायची आणि कुणाची हरकत आहे का म्हणून विचारायचं. एक रविवार जरी चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पहिल्या रविवारी नावं वाचली गेली. मंगळवारी मसालेवाला हनोखच्या गावच्या बाजाराला गेला, तर समोरच्या दारूच्या गुत्त्यातून नवरदेव बाहेर पडताना दिसला. दोन्ही हातांत दोन-दोन बाटल्या. त्यानं हसून सलामही केला. मसालेवाल्यानं मान फिरवली.

तिथंच हाक मारून विचारलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण दुसऱ्या दिवशी बुधवार होता.

"हे प्रभू," त्यानं डोळे मिटून सुरुवात केली, "आमच्या एका लेकीच्या डोक्यावर लवकरच अक्षता पडायच्या आहेत. ती जिथं जाणार, त्या घरात बाटली शिरली आहे. ती बाहेर काढ. आमच्या लेकीला सांभाळ." शेवटचं वाक्य त्यानं दोनदा म्हटलं. ढोंग नव्हतं ते, त्याला खरोखर वाईट वाटत होतं.

दुसऱ्या रविवारी नावं वाचताना बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सोमवारी सुतार दुकानात आला आणि पायरीवरच उभा राहिला.

"शेट, काय असेल ते सरळ सांगा. मुलगा पितो का?"

"मी कुठं काही म्हणालो? मी तर प्रार्थना केली."

"तुमच्या प्रार्थनेनं माझ्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही. थोरला रजा काढून आलाय फौजेतून बहिणीच्या लग्नासाठी. पुढच्या शनिवारी परत जायचंय त्याला. त्यानंतरच्या आठवड्यापासून ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस लागतात, त्यात लग्न होत नाही. या रविवारी नावं वाचली तर गुरुवारी लग्न, नाहीतर गेलं ईस्टरनंतर. आता तुम्ही सांगा, मी वाचू देऊ की नको?"

"देवाची इच्छा असेल तसं होईल," मसालेवाला म्हणाला. सुतार पायरी उतरून निघून गेला.

रात्रीच्या जेवणाला बायकोनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "अहो, त्या हनोखचं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"सांगायला कशाला हवं? गुत्त्यातून बाटल्या घेऊन निघताना डोळ्यांनी पाहिला."

बायकोनं फळीवरची तेलाची बाटली उचलून त्याच्या ताटापुढं ठेवली. "ही कसली बाटली आहे?"

"करडईच्या तेलाची."

"तेल करडईचं. बाटली दारूची. त्याचा तेलाचा घाणा आहे. गुत्त्यातल्या रिकाम्या बाटल्या आणतो, सोड्याच्या पाण्यात उकळतो आणि तेल भरून विकतो. तीन वर्षं झाली, तुम्ही त्याच बाटलीतलं तेल खाताय. आत्ताच्या आत्ता सुताराकडे जा आणि सांगा."

मसालेवाल्यानं बाटली फिरवून पाहिली. जावं हे त्याला पटत होतं. पण सुतारापुढं उभं राहून 'मी चुकलो' म्हणायला जीभ वळेना. तोंडानं कबूल न करता झाकता येईल तर झाकावं, अशी त्यानं मनाशी तोड काढली.

"परवा बुधवार आहेच," तो म्हणाला. "सभेत दुरुस्त करतो."

"तुम्ही आणि तुमचा बुधवार," बायको म्हणाली.

बुधवारी त्यानं प्रार्थना केली, "हे प्रभू, त्या घराविषयी कुणाच्या मनात किंतु आला असेल तर तो दूर कर. सगळं झाकून घे." झालं, ज्यांना अजून खरं वाटत नव्हतं त्यांचीही खात्री पटली. झाकायला सांगतोय म्हणजे काहीतरी आहेच, असं जो तो म्हणू लागला.

तिसऱ्या रविवारी पाळक म्हणाले, "वधूच्या वडिलांच्या सांगण्यावरून आज नावं वाचत नाही." पुढच्या बाकावर सुताराचा थोरला मुलगा खाली फरशीकडे बघत बसला होता. शनिवारी तो गाडीत बसून पलटणीत परत गेला.

त्याच दिवशी मसालेवाला पाळकांच्या दारात गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

"तुम्ही त्या मुलाबद्दल बोललात कुणाशी?" पाळकांनी विचारलं.

"देवाशीच की."

"मग एवढ्या मोठ्यानं कशाला? त्याला काय कमी ऐकू येतं?"

मसालेवाला चपला घालायला वळला.

"मीही तिथं बसून ऐकत होतो, अडवलं नाही. ती माझी चूक," पाळक म्हणाले. "पण शेट, तुम्ही बोललात डोळे मिटून. आता परत घ्यायचं ते डोळे उघडे ठेवून घ्या. आणि आधी त्याच्या घरी जा."

तो गेला. हनोखच्या आईनं पाट दिला, पाणी दिलं. "तुम्हीच का ते, आमच्यासाठी प्रार्थना करणारे? पोट भरलं हो आमचं तुमच्या प्रार्थनेनं. होणारे व्याही रस्ता बदलून जायला लागले."

हनोख घाण्यापाशी हात पुसत उभा होता. "काका, त्या दिवशी सलाम केला होता मी. थांबला असता तर बाटली उपडी करून दाखवली असती."

"चुकलो, बाबा. बाई, माफी मागायला आलोय."

"मला एकटीला इथं सांगून काय उपयोग?" आई म्हणाली. "जिथं नावं वाचायची राहिली तिथं सांगा. मी येते ऐकायला."

रविवारी ती खरंच येऊन शेवटच्या बाकावर बसली. मसालेवाला उठला. सवयीनं त्याचे हात जुळले, डोळे मिटले. मग त्यानं ते उघडले. चारशे डोळे आपल्याकडे बघताना त्यानं पहिल्यांदाच पाहिले.

"हनोख दारू पीत नाही," तो म्हणाला. "मी त्याला रिकाम्या बाटल्या नेताना पाहिलं. त्याला विचारलं नाही, तुम्हाला सांगितलं. सांगताना देवाचं नाव पुढं केलं, म्हणजे कुणी मला चहाडखोर म्हणू नये. चुकलो मी."

 मग सुतार उठून शेवटच्या बाकापाशी गेला आणि विहिणीपुढं हात जोडले. "मीसुद्धा पोराला विचारायला हवं होतं," तो म्हणाला. ती थोडी सरकली आणि त्याला शेजारी जागा दिली.

नावं पुन्हा पहिल्यापासून तीन रविवार वाचली गेली. लग्न ईस्टरनंतर झालं. मसालेवाल्याला मानानं बोलावलं, विहिणीनं आग्रह करून जेवायला वाढलं. माफी अगदी मनापासून मिळाली होती. पण थोरल्याला दुसऱ्यांदा रजा मिळाली नाही. पहिल्या माहेरपणाला बहिणीला आणायला भावानं जायचं, तर चुलतभावाला पाठवावं लागलं. दुकानावरून बैलगाडी गेली तेव्हा मसालेवाला पुड्या बांधत होता. तो थांबला आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला.

त्यानंतरही तो बुधवारच्या सभेला जात असे. एकदा एक बाई दुकानाच्या पायरीवर टेकली आणि आवाज उतरवून म्हणाली, "शेट, शाळेतल्या मास्तरणीसाठी प्रार्थनेचा एक विषय आहे बघा. हल्ली तिच्या घरी..."

"मास्तरणीला विचारलंत?"

"अगंबाई, तिला कसं विचारायचं?"

"मग मला कसं सांगता?" मसालेवाला म्हणाला. "चला, दुकान बंद करतो, दोघं मिळून तिच्याकडेच जाऊ."

बाईला घरी दूध उतू जात असल्याची आठवण झाली आणि ती निघून गेली.

तात्पर्य इतकंच: शेजाऱ्याची काळजी खरी असेल तर आधी त्याच्या दारात जाऊन त्याला विचारावं, चारचौघांत देवाचं नाव घेऊन सांगितली तरी चहाडी ती चहाडीच, आणि माफी मिळाली तरी तिनं घालवलेले दिवस परत मिळत नाहीत.