तुतीच्या शेतात न वाजलेला फोन

बालाघाटाच्या पायथ्याशी एका गावात पद्मिनबाई रेशमाचे किडे पाळत असे. किडे म्हणजे भारी नाजूक जात. शेड तापली की ते पाला सोडतात आणि मान टाकतात. मागच्या उन्हाळ्यात तिचे निम्मे किडे असेच गेले. तिनं शहरात ॲप बनवणाऱ्या भाच्याला, विश्वंभरला, गळ घातली, "शेड तापली की माझा फोन वाजला पाहिजे. येवढं कर बाबा."

"एवढंच ना आत्या?" म्हणत विश्वंभर कामाला लागला आणि तिथंच त्याचं गाडं अडलं. शेडमध्ये उष्णता मोजणारं यंत्र बसवायचं, पण त्याचा निरोप फोनपर्यंत न्यायचा कशानं? ब्लूटूथला वीज कमी लागते, पण ते चार पावलांतच दमतं. वायफायला घरात इंटरनेट हवं. सिमकार्ड लांबवर जातं, पण त्याचं रिचार्ज कोण सांभाळणार? एक मित्र ब्लूटूथची बाजू घेई, दुसरा वायफायची. सिमचं नाव काढताच दोघंही हसले. सकाळी ठरवलेलं दुपारी मोडू लागलं. जेवताना तोच घोळ, आंघोळ करताना तोच घोळ. बिचारा पार भंजाळून गेला. शेवटी वैतागून त्यानं ब्लूटूथ आणि वायफाय दोन्ही घातलं. दोन्ही आहेत म्हणजे चुकायला जागाच नाही, अशी स्वतःची समजूत घालून घेतली.

चैत्रात तो यंत्र घेऊन गावी आला. घरात इंटरनेट बसवलं आणि ओसरीवर आत्याचा फोन वाजवून दाखवला. आत्या हरखली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर विश्वंभरचा फोन कर्कश वाजला; ॲप त्याच्याही फोनवर होतं. शेड तापली होती. "चालतंय की!" म्हणून तो टुणकन उठला. मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं. घरात चिटपाखरू नव्हतं. तो शेडकडे धावला. किडे पाल्यावर निपचित पडले होते. पडदे उघडायचे की भिजवायचे, त्याला काही सुचेना. तो तसाच अनवाणी आत्याला शोधत ओढ्यापलीकडच्या तुतीच्या शेताकडे पळाला.

शेतीची वीज दुपारीच येई. म्हणून आत्या तिथं मोटार लावून, किड्यांना जिचा पाला लागतो त्या तुतीला पाणी देत होती. फोन कमरेच्या पिशवीत गप्प होता, कारण ओढ्यापलीकडे ना घरचं वायफाय पोचत होतं, ना मोबाइलचं इंटरनेट.

दोघांनी पळत येऊन गोणपाटं भिजवली, पडद्यांवर पाणी मारलं. बरेच किडे वाचले, पण एका अख्ख्या फळीवरचे किडे गेले. मेलेले किडे वेचता वेचता आत्या म्हणाली, "समद्यास्नी इचारलंस. आत्या दुपारी कुठं आसती, येवढं इचारायचं ऱ्हायलं."

विश्वंभरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो फोन घेऊन तुतीत जाऊन उभा राहिला. तिथं साधा फोन मात्र लागत होता. शेड तापली की यंत्रानंच आत्याला फोन लावावा म्हणून त्यानं यंत्रात सिमकार्ड घातलं आणि बाकीचं सगळं काढून टाकलं.

पुढच्याच दुपारी पिशवीतला फोन वाजला. पाण्याची मोटार तशीच सोडून आत्या शेडकडे पळाली.

तात्पर्य: निरोप कशानं पाठवायचा याचा घोळ घालत बसण्याआधी, तो ज्याला मिळायला हवा तो माणूस कुठं असतो, ते जाऊन पाहावं.