मागच्या जाळीवरचा हार

एकदा एक व्यापारी दोन गाड्या घेऊन एका वृद्ध गुरुजींच्या दारी आला. गाड्या दोन आणि मन एक, आणि तेही धड जागेवर नाही, अशी त्याची अवस्था झाली होती.

गुरुजी एका जुन्या घाटाच्या पायथ्याशी राहत. नवा रस्ता झाल्यापासून त्या घाटात वाहतूक उरली नव्हती. तरुणपणी गुरुजींनी घाटातल्या शर्यती गाजवल्या होत्या, आता ते मोजक्या शिष्यांना सारथ्याची विद्या देत. 'त्यात काय शिकायचं, परवाना मिळाला की झालं,' असे म्हणणाऱ्याला ते चहा पाजून परत पाठवत.

"गुरुजी, येत्या हिवाळ्यातल्या घाट-शर्यतीत मला गाडी उतरवायची आहे," व्यापारी म्हणाला. "दोन्ही पारखायला आणल्यात. संध्याकाळपर्यंत एक परत करायची. ही नवी. हिला सगळं कळतं. तुम्ही चुकलात तर ही सावरते, घसरलात तर स्वतः ब्रेक लावते. आणि ही जुनी. हिच्या इंजिनात पाण्याचा थेंब नाही. इंजिन मागे, तिथेच पंखा. बाहेरचा वारा ओढायचा आणि त्यावर थंड राहायचं."

"म्हणजे वारा प्यालेलीच की," गुरुजी हसले. "दोन्ही गाड्या माझी शिष्या चालवून बघेल. मग सांगतो."

शिष्या म्हणजे शाल्मली. ती मागे उभी होती आणि आपले नाव निघताच आणखी मागे सरकली. एके काळी या घाटात तिची गाडी गाठणे कुणाला जमत नसे. मग मुलगी झाली आणि दोन वर्षे तिने शर्यतीचे नाव काढले नाही. लोक म्हणत, आई झाली की बाई जपून चालवते. लोकांचे सोडा, तिलाही तसेच वाटू लागले होते. हल्ली घरातून निघताना ती गॅस बंद आहे का ते बघायला जिन्यावरून परत फिरे, आणि मग बंदच असलेल्या शेगडीसमोर उभी राहून स्वतःलाच हसे. असल्या बाईने शर्यतीत उतरावे?

व्यापाऱ्याने तिला नखशिखान्त न्याहाळले. "ताई, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. गाडी कोणतीही घेतली तरी मला चालक हवाच आहे. दोन्ही गाड्यांत मी शेजारी बसतो. दोन्ही गाड्या न थांबता माथ्यावर नेल्यात तर जागा तुमची. मध्येच कच खाल्लीत तर मी दुसरा माणूस बघेन."

"कबूल," शाल्मली म्हणाली. आपण असे पटकन कसे बोलून गेलो, याचे तिलाच आश्चर्य वाटले.

दसऱ्याचा दिवस होता. व्यापाऱ्याने झेंडूचे जाडजूड हार आणले होते. नव्या गाडीच्या नाकावर त्याने एक चढवला. जुन्या गाडीपाशी मात्र तो क्षणभर थबकला, मग ऐटीत मागे गेला आणि इंजिनाच्या झाकणावर जी जाळी होती, तिच्यावर हार आडवा बांधला. "इंजिन मागे, तर मानही मागे! हार हृदयाला घालावा, काय?"

"शेठ, ती जाळी..." शाल्मली हळूच म्हणाली. "वारा तिथूनच आत जातो."

"अहो, फुलं आहेत ती, गोधडी नव्हे! आणि सणाच्या दिवशी घातलेला हार काढायचा? अपशकुन बोलू नका."

तिने गुरुजींकडे पाहिले. ज्यांनी आजवर त्या जाळीवर कुणाला हातरुमालसुद्धा वाळत घालू दिला नव्हता, ते गुरुजी शांतपणे उठले. टोपलीतून त्यांनी दुसरा हार उचलला, पहिल्या हारावर नीट बसवला, नमस्कार केला आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

शाल्मली जाळीपासून बाजूला झाली. गुरुजींनीच घातला म्हणजे त्यात काही तरी अर्थ असणार. आपल्यालाच कळत नसेल. हल्ली काय कळते आपल्याला?

आधी नवी गाडी निघाली. निघाली म्हणजे, निघेना. समोरच्या पडद्यावर लाल अक्षरे उमटली, टुकटुक आवाज सुरू झाला. नाकावरच्या हाराने गाडीचे डोळे, म्हणजे पुढचे कॅमेरे, झाकले होते.

"अरेच्चा! हार खुपतोय हिला," म्हणत व्यापारी लगबगीने उतरला आणि त्याने हार ओरबाडून काढला. "गाडीनंच सांगितलं, आपण काय करणार!"

त्यानंतर घाट कसा सरला ते कळलेही नाही. एका वळणावर तिने स्टीअरिंग जरा उशिरा फिरवले, तर गाडीने ते मुकाट्याने सांभाळून घेतले. एखाद्या हुशार सासूसारखे. उपकार केले आणि केल्याचे दाखवलेही. पडद्यावर लहानसा पिवळा दिवा लुकलुकून गेला. खाली परतल्यावर व्यापारी खूश होता.

मग जुनी गाडी. किल्ली फिरवताच मागून कोरडा, खडबडीत आवाज उठला आणि त्याच्या आत पंख्याची बारीक शीळ. चढ सुरू झाला. पहिले वळण, दुसरे. शाल्मलीच्या हातांना जुनी ओळख पटू लागली. आणि तेवढ्यात तिला ती शीळ ऐकू येईना. शीळ बसली होती. तिच्या जागी नाक चोंदल्यासारखा घोगरा आवाज येत होता. सर्दी झालेल्या बाळाचा येतो, तसा.

"शेठ, हिला श्वास घेता येत नाहीये."

"तापमानाचा काटा बघा! जागेवर आहे."

काटा खरोखरच जागेवर होता. तिच्या मनात दोन आवाज भांडू लागले. एक म्हणाला, झाली तुझी शेगडी सुरू. काटा ठीक, शेठ ठीक, गुरुजींचा हात लागलेला. तूच तेवढी शहाणी? थांबलीस तर जागा गेली. दुसरा काहीच म्हणाला नाही, तो नुसता ऐकत राहिला. घोगरा आवाज आणखी जड झाला.

तिने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले.

"हे काय? अहो, माथा समोर दिसतोय!"

ती उतरून मागे गेली. दोन्ही हार तिने सोडवले. शेठचा कोणता, गुरुजींचा कोणता, असा भेद केला नाही. झाकण उघडताच भट्टीची धग तोंडावर आली. आत ओढल्या गेलेल्या पाकळ्या करपून पंख्याजवळ चिकटल्या होत्या. तिने त्या एकेक करून काढल्या.

"इंजिन गरम असणारच, तो काय बर्फाचा कारखाना आहे?" व्यापारी कुरकुरला. "जाऊ द्या. फिरवा मागे. हार काढलात आणि हरलात, ताई."

तिने गाडी खाली आणली. गुरुजींच्या समोर गेली आणि दोन्ही चुरगळलेले हार आणि मूठभर करपलेल्या पाकळ्या तिने टेबलावर ठेवल्या.

"एक माझा होता," गुरुजी म्हणाले.

"हो."

"मला विचारलं नाहीस."

"विचारायला खाली येईपर्यंत इंजिन जळालं असतं." तिने नजर खाली घेतली नाही. "तुम्ही असं का केलंत, गुरुजी? खरंच जळालं असतं म्हणजे?"

"तर शेठनं मला जन्मभर ऐकवलं असतं, आणि योग्यच केलं असतं," गुरुजी म्हणाले. मग ते व्यापाऱ्याकडे वळले. "शेठ, नव्या गाडीनं तक्रार केली तेव्हा तुम्ही धावत जाऊन हार काढलात. तेव्हा अपशकुन आडवा आला नाही. या पोरीनं तेच सांगितलं, तर आला. ओरडणाऱ्या यंत्राचं सगळेच ऐकतात. नवी गाडी उत्तम आहे. ती आपली काळजी आपणच वाहते, चालवणाऱ्याचीही वाहते. ज्याला निश्चिंत राहायचं, त्यानं ती जरूर घ्यावी. त्यात कमीपणा नाही. जुनी गाडी मात्र आपली काळजी माणसाच्या हवाली करते. ती घ्यायची, तर काळजी करणारं माणूस आधी शोधा. ही पोर मला सारखी विचारते, गुरुजी, मी फार भित्री झाले का? भित्रा माणूस डोळे मिटतो. हिनं कान उघडे ठेवले. काटा हलण्याच्या आधी हिला कळलं."

शाल्मली काही बोलणार, तोच त्यांनी हात वर केला.

"शेठचा हार काढायला धैर्य पुरतं, बाळ. गुरूचा हार काढायला ज्ञान लागतं. दसऱ्याला वेस ओलांडायची असते. आज तू माझी ओलांडलीस."

व्यापाऱ्याने टेबलावरची एक करपलेली पाकळी उचलून बोटांत चुरडली. माणूस अहंकारी होता, पण कोता नव्हता. "ताई," तो म्हणाला, "परत एकदा वर जाऊ या. या वेळी मी नव्या गाडीतून तुमच्या मागे येतो. बघू तरी, जुनं हाड काय करतं."

जुन्या गाडीत तिच्या शेजारी या वेळी गुरुजी बसले. मोकळ्या जाळीतून वारा आत घुसला आणि पंख्याची शीळ पहिल्याच चढाला अशी खणखणीत उठली, की समोरच्या कड्याने ती परत पाठवली. शाल्मलीने वळण कापले, मग पुढचे. घाट तिच्या हाताखाली धाग्यासारखा उलगडत गेला. मध्ये कुठे तरी तिला जाणवले की आपण मोठ्याने हसतो आहोत. आरशात नवी गाडी आधी मोठी होती, मग बोटाएवढी झाली, मग आरशात नुसता घाट उरला.

माथ्यावर ती थांबली तेव्हा खालची अख्खी दरी उन्हात न्हात होती. बऱ्याच वेळाने व्यापारी आला, घामाघूम. काच खाली करून तो म्हणाला, "संध्याकाळी नवी परत करतो. आणि ताई, उद्या सरावाला किती वाजता येऊ, ते तुम्हीच सांगा. मी आपला येऊन उभा राहीन."

"सातला," शाल्मली म्हणाली. "आणि हात हलवत या."

व्यापारी मान डोलावत आपली गाडी वळवू लागला. गुरुजी समोरच्या तीव्र उताराकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी शिष्यांना प्रश्न विचारले होते ते उत्तर ठाऊक असलेलेच. आता ते जरा पुढे झुकले आणि खरोखर जाणून घ्यायचे असावे तसे म्हणाले,

"या गाडीला उतरताना कोणता गिअर टाकावा गं?"

तिने क्षणभर इंजिनाकडे कान दिला.

"दुसरा."

गुरुजींनी मान डोलावली आणि नवशिक्यासारखा आपला पट्टा आवळून घेतला.