ढेकळे आणि गप्प बसलेला सर्व्हर

शिरसगावात एक कॉलेज होतं आणि त्या कॉलेजात रंगनाथ ढेकळे नावाचे एक भोळे गृहस्थ होते. ते कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे. सांगितलेलं शब्दशः करायचे. प्राचार्य घारपुऱ्यांनी त्यांना दोनदा 'आदर्श कर्मचारी' ठरवलं होतं.

लॅबमध्ये तीस कॉम्प्युटर होते, पण कॉलेजचे सगळे कागद मागच्या इमारतीतल्या एका मोठ्या मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर असायचे. तिथला 'भांडार' नावाचा फोल्डर या तिसांना जोडलेला होता. सर्व्हर गप्प बसला की तीसही कॉम्प्युटर त्याच्या उत्तराची वाट बघत गोठायचे.

सोमवारी तसेच गोठले. ढेकळ्यांनी शेवडे मॅडमना फोन लावला. कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख त्याच.

"सर्व्हरला हाक मारून बघा," मॅडम म्हणाल्या. "उत्तर येतंय का सांगा."

ढेकळे मागच्या इमारतीत गेले. सर्व्हरला तोंड लावून ओरडले, "अहो सर्व्हर!" तासभर ओरडले. घसा बसला.

मॅडम धावत आल्या. "अहो, हाक तोंडानं नाही मारायची! आपल्या जागेवर बसून, टाइप करून मारायची. उत्तर नाहीच आलं तर मागची वायर सैल झालीय का बघायचं."

"असं होय!" म्हणत ढेकळ्यांनी वहीत लिहून घेतलं.

मंगळवारी प्राचार्यांची सही हवी होती. प्राचार्य केबिनमध्ये डोळे मिटून चिंतन करत होते. ढेकळे आपल्या जागेवर बसले. मेसेज टाइप केला, 'सर, आहात का?' उत्तर नाही. मग ते केबिनमध्ये गेले आणि त्यांनी प्राचार्यांचा कोट मागून वर केला.

"अहो, काय करताय?"

"वायर बघतोय, सर."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, कुणी झोपलं असेल तर जागं होईपर्यंत थांबायचं!" एवढं बोलून त्या रजेवर गेल्या.

बुधवारी सर्व्हर पुन्हा गप्प झाला. ढेकळे थांबले. गुरुवारीही थांबले. शुक्रवारी प्राचार्यांनी विचारलं, "काम का बंद आहे?"

"झोपलंय, सर. हळू बोला."

प्राचार्यही चवड्यांवर चालत परत गेले.

शनिवारी मॅडम आल्या आणि बघतच राहिल्या. "अहो, हे वर्षभर असंच झोपून राहील! अशा वेळी भांडाराची जोडणी तोडायची आणि नव्यानं जोडायची. फक्त तोडण्याआधी आत कोण बसलंय ते बघायचं. त्याला आधी बाहेर काढायचं."

पुढच्या आठवड्यात विद्यापीठाची समिती लॅब बघायला आली. प्राचार्य 'आमचं डिजिटल कॉलेज' म्हणाले आणि नेमके तेव्हाच कॉम्प्युटर गोठले. ढेकळ्यांनी पाहिलं. आत समिती बसली होती. त्यांनी अध्यक्षांना दंडाला धरून उठवलं, बाकीच्यांना खुर्च्यांसकट व्हरांड्यात ढकललं.

"ढेकळे!" मॅडम किंचाळल्या. "खोलीच्या आत नाही, फोल्डरच्या आत बघायचं! फोल्डरच्या!"

"असं होय! आधी सांगायचं ना."

मग निकालाचा दिवस आला. भांडारात बाराशे मुलांचे गुण होते, प्रत्येकाच्या नावाची एकेक फाइल. ते पाचच्या आत विद्यापीठाला पाठवायचे होते. उशीर झाला तर मुलांचं वर्ष जाणार होतं. कितीतरी जणांच्या नोकऱ्या त्या निकालावर अडल्या होत्या. मॅडम जिल्ह्याला गेलेल्या. तीन वाजता तीसही कॉम्प्युटर गोठले.

मॅडम फोनवर म्हणाल्या, "घाबरू नका. जोडणी तोडा, परत जोडा, निकाल पाठवा. आणि या वेळी नीट!"

ढेकळ्यांनी नीटच करायचं ठरवलं. लॅबमध्ये फोल्डर उघडेना, म्हणून ते थेट मागच्या इमारतीत सर्व्हरवर जाऊन बसले. तिथं तो पटकन उघडला.

साडेचारला मॅडमचा फोन आला. "तोडली का जोडणी?"

"अजून नाही, मॅडम. आधी फोल्डरच्या आत बघितलं."

"शाबास! कोण होतं?"

"बाराशे जण होते. एकेकाला नाव घेऊन बाहेर काढलं. मशीन दर वेळी विचारायचं, कायमचं काढायचं का? मी हो म्हणायचो. आता फक्त क्षीरसागर उरलीय. ती निघाली की तोडतो."