हाकेला ‘हं’

"पण मग फोन त्याच्या हातून सुटत का नाही, बुवा?"

कौस्तुभ विद्यापीठात मानसशास्त्राचा संशोधक. उत्तरं खिशात घालून प्रश्न विचारायला येणाऱ्यांपैकी. आज मात्र तो टेकडीवरच्या मठात आला होता तो दिगंबरसाठी. वसतिगृहात त्याच्या खोलीत राहणारा हा पोरगा परीक्षा बुडवून गावी निघून गेला होता. तिथंही दार लावून दिवसभर फोनमध्ये डोकं घालून बसायचा. आईशीसुद्धा बोलेनासा झाला होता.

"तुला काय वाटतं?" विहिरीत पोहरा सोडत म्हाताऱ्या बुवांनी विचारलं.

झालं! कौस्तुभची गाडी सुरू झाली.

"एकटेपणा. नापास होण्याची धास्ती. आपण कुणाच्या खिजगणतीत नाही, ही भावना. समोरची माणसं झेपेनाशी झाली की पडद्यावरची सोपी वाटतात, बुवा. माझा प्रबंधच आहे यावर. थांबा, दाखवतो."

त्यानं फोन काढला. बुवा दोर ओढत राहिले.

"कौस्तुभ..."

"हं."

"अरे कौस्तुभ..."

"हं, बोला ना, ऐकतोय." अंगठा पडद्यावर फिरतच होता.

धप्पकन आवाज झाला. त्यानं दचकून वर पाहिलं. भरलेला पोहरा दोरासकट विहिरीत गेला होता. बुवा लाल झालेले तळवे धोतराला पुसत होते.

"काय झालं, बुवा?"

"काही नाही."

...

हे ‘काही नाही’ कौस्तुभच्या चांगल्या ओळखीचं होतं. पलीकडच्या खाटेवरून दिगंबर हाक मारायचा, "कौस्तुभदादा..." हा प्रबंधातून डोकं वर न काढता म्हणायचा, "हं." थोडा वेळ तसाच जायचा. मग तिकडून यायचं, "काही नाही."

पुढं पुढं हाकाच बंद झाल्या. तेव्हा तर याला बरंच वाटलं होतं. लिखाण निवांत व्हायला लागलं होतं.

त्यानं फोन उपडा करून पायरीवर ठेवला.

"लहानपणी आई रागवायची," तो म्हणाला. "कुणी हाक मारली की ‘ओ’ म्हणावं, ‘हं’ काय?... एवढं साधं होतं, बुवा. आणि मी त्याच्यावर प्रबंध लिहीत बसलो."

बुवांनी त्याची समजूत घातली नाही.

"आता मी त्याच्या गावी गेलो, दाराशी बसून हाक मारली... तर देईल तो ओ?"

बुवांनी विहिरीत डोकावून पाहिलं. पाणी अजून हलत होतं.

"मारून बघ," ते म्हणाले. "पण त्यानं नुसतं ‘हं’ केलं, तर उठू नकोस."